श्रेयांक हस्तांतरण

एका महाविद्यालयात अथवा विद्यापीठात पूर्ण केलेला अभ्यास दुसऱ्या शिक्षणसंस्थेने आपल्या पदवीसाठी ग्राह्य धरण्याच्या व्यवस्थेस श्रेयांक हस्तांतरण असे म्हणतात. अभ्यासक्रम यशस्वी रीत्या पुरा केल्यावर विद्यार्थ्याच्या नावे जमा होणारे अभ्यासाचे परिमाण म्हणजे श्रेयांक होय. गुण आणि श्रेयांक यांत भेद आहे. विद्यार्थ्याने विषय किती चांगला आत्मसात केला ते गुण सांगतात. त्या विषयासाठी किती अभ्यास करावा लागला ते श्रेयांक सांगतो. हस्तांतरणातील बहुतेक अडचणींचे मूळ या भेदात सापडते. पाठविणारी संस्था परिमाण कळविते; स्वीकारणाऱ्या संस्थेला शंका असते ती प्रतीविषयी. ‘हस्तांतरण’ हा शब्दही त्यामुळे काहीसा फसवा आहे. एका पेढीतून दुसऱ्या पेढीत गेलेल्या रुपयाचे मूल्य वाटेत कमी होत नाही. श्रेयांकाचे मूल्य मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरते आणि ते ठरविण्याचा अधिकार स्वीकारणाऱ्या संस्थेकडेच राहत आला आहे.

मध्ययुगीन यूरोपात विद्यार्थी व आचार्य एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात सहज जात. तथापि मान्यता मिळे ती पूर्ण पदवीला, अर्धवट अभ्यासाला नव्हे. नववा ग्रेगरी या पोपने १२३३ मध्ये तूलूझ विद्यापीठाच्या पदवीधरांना फेरपरीक्षा न देता कोठेही अध्यापन करण्याचा अधिकार बहाल केला. पुढे असा अधिकार असणे हे थोर विद्यापीठाचे लक्षण मानले जाऊ लागले. असे असूनही पॅरिस व ऑक्सफर्ड येथील पंडित एकमेकांच्या आचार्यांना फेरपरीक्षेवाचून स्वीकारण्यास राजी नसत. पोपच्या सनदेने अधिकार मिळे, विश्वास मिळतोच असे नाही.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज या तिघांत मात्र परस्परांच्या पदव्या त्याच दर्जाने आपल्या पटावर दाखल करून घेण्याचा जुना प्रघात होता. या प्रघाताचा एक अनपेक्षित उपयोग विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे स्त्रियांना व्याख्यानांना बसण्याची आणि परीक्षा देण्याची मुभा होती. पदवी मात्र त्यांना दिली जात नसे. ट्रिनिटी कॉलेजने १९०४ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला आणि त्याचबरोबर त्या दोन विद्यापीठांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या स्त्रियांना स्वतःची पदवी देऊ केली. १९०४ ते १९०७ या काळात सु. ७०० स्त्रिया आगबोटीने आयर्लंडला गेल्या आणि पदवी घेऊन परतल्या. ‘स्टीमबोट लेडीज’ हे त्यांना मिळालेले नाव थट्टेचे असले, तरी त्यांपैकी अनेक जणी शिक्षिका होत्या आणि त्यांच्या व्यवसायात नावापुढील पदवीला मोल होते. त्यांच्याकडून मिळालेल्या शुल्कातून ट्रिनिटीने विद्यार्थिनींसाठी वसतिगृह उभे केले. अभ्यास एका ठिकाणी आणि त्याची मान्यता दुसऱ्या ठिकाणी, असा हा प्रकार होता. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी देण्यास १९२० मध्ये आणि केंब्रिजने १९४८ मध्ये प्रारंभ केला.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : श्रेयांकाचा जन्म या देशात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील महाविद्यालयांत सर्व विद्यार्थ्यांना एकच ठराविक अभ्यासक्रम असे. अभ्यास मोजण्याचे कारणच नव्हते. विद्यार्थी कितव्या वर्षात आहे एवढे सांगितले की पुरे होई. चार्ल्स विल्यम एल्यट (१८३४–१९२६) हे १८६९ मध्ये हार्व्हर्डचे अध्यक्ष झाले. त्यांनी चाळीस वर्षांच्या कारकीर्दीत विषयनिवडीचे स्वातंत्र्य इतके वाढविले, की शतकाच्या अखेरीस इंग्रजी लेखनासारखे मोजकेच विषय सक्तीचे उरले. प्रत्येक विद्यार्थ्याचा मार्ग वेगळा झाल्यावर दोन विद्यार्थ्यांनी सारखाच अभ्यास केला की नाही, हे ठरविण्यास काही माप आवश्यक झाले. विद्यार्थ्याला दिलेल्या मोकळिकीतूनच हे मोजमाप निर्माण झाले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

हे माप सर्व देशभर रूढ झाले ते मात्र अध्यापनाशी संबंध नसलेल्या कारणाने. पोलादाच्या व्यवसायात गडगंज संपत्ती मिळविलेले अँड्रू कार्नेगी (१८३५–१९१९) हे कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते. प्राध्यापकांचे तुटपुंजे वेतन पाहून त्यांनी १९०५ मध्ये निवृत्तिवेतनासाठी १ कोटी डॉलरचा निधी दिला आणि हेन्री प्रिचेट यांच्या अध्यक्षतेखाली त्याचे प्रतिष्ठान स्थापन झाले. निवृत्तिवेतन कोणत्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांना द्यावयाचे हे ठरविण्यापूर्वी ‘महाविद्यालय’ म्हणजे काय, हे ठरविणे भाग होते. कारण त्या काळी त्या देशात हायस्कुलाहून फारशा वेगळ्या नसलेल्या संस्थाही हे नाव लावीत. प्रतिष्ठानाने अट घातली, की महाविद्यालयाने प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाची १४ एकके मागावीत. वर्षभरात एका विषयाचे किमान १२० तास अध्यापन झाले, की एक एकक पुरे होई. महाविद्यालय कोणत्याही धर्मपंथाच्या ताब्यात नसावे, अशीही अट होती. निवृत्तिवेतनाच्या ओढीने महाविद्यालयांनी प्रवेशाचे नियम बदलले, महाविद्यालयांमुळे शाळांनी आपली वेळापत्रके बदलली आणि काही वर्षांतच ‘कार्नेगी एकक’ सर्वत्र रुजले. विनामूल्य निवृत्तिवेतनाची ती योजना फार काळ टिकली नाही. १९१८ मध्ये वर्गणीवर आधारलेली विमासंस्था तिच्या जागी आली. एकक मात्र टिकून राहिले.

महाविद्यालयीन स्तरावरील मोजमापाला दुसरे बळ मिळाले ते कारखान्यांच्या शास्त्रातून. याच प्रतिष्ठानाने मॉरिस कुक या अभियंत्याकडून आठ विद्यापीठांतील पदार्थविज्ञान विभागांच्या कार्यक्षमतेची पाहणी करून घेतली (१९१०). कुक हे फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापन पद्धतीचे अनुयायी. त्यांनी एका विद्यार्थ्याचा व्याख्यानातील, प्रयोगशाळेतील वा वर्गपाठातील एक तास, हे परिमाण खर्चाच्या हिशेबासाठी सुचविले. पुढे आठवड्याला एक तास याप्रमाणे सु. पंधरा आठवड्यांच्या सत्रात शिकविलेल्या अभ्यासाला एक श्रेयांक आणि पदवीस सु. १२० श्रेयांक, अशी रीत पडली. तिमाही पद्धतीच्या विद्यापीठांत हीच संख्या १८० होते; म्हणून तेथून आलेल्या तीन श्रेयांकांचे सत्रपद्धतीत दोन श्रेयांक होतात. अशा त्रैराशिकात चूक होण्याचा संभव नसतो. वाद होतो तो पुढच्या टप्प्यावर, म्हणजे त्या दोन श्रेयांकांचा विषय आपल्या विषयाशी जुळतो की नाही या प्रश्नावर.

तासांच्या या हिशेबावर टीकाही लवकरच सुरू झाली. त्याच प्रतिष्ठानाने प्रसिद्ध केलेल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका दीर्घ पाहणीत (१९३८) असे आढळले, की पदवीच्या अंतिम वर्षातील काही विद्यार्थ्यांचे ज्ञान शाळेच्या शेवटच्या वर्गातील सरासरी विद्यार्थ्यापेक्षाही कमी होते. श्रेयांक मात्र त्यांच्या नावे पुरेसे जमा होते.

दरम्यान हस्तांतरणाची गरज वाढत होती. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर (१८५६–१९०६) यांनी पदवी शिक्षणाची पहिली दोन वर्षे वेगळी करण्याचा पुरस्कार केला होता. त्यांच्या प्रोत्साहनाने इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये दोन वर्षांचे कनिष्ठ महाविद्यालय निघाले. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या वर्गांना हेच नाव रूढ असले, तरी अमेरिकेतील हे शिक्षण शालेय नसून पदवीच्या पूर्वार्धाचे होते. घराजवळ, अल्प शुल्कात दोन वर्षे शिकावे आणि उरलेली दोन वर्षे विद्यापीठात पुरी करावीत, अशी ही कल्पना. कॅलिफोर्निया राज्याने १९६० च्या बृहद्योजनेत तिला राज्याच्या उच्च शिक्षणाचा पाया केले. वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या तृतीयांशांना राज्य महाविद्यालयांत आणि बाकी सर्वांना स्थानिक महाविद्यालयांत प्रवेश देऊन, तेथून पुढे वर जाण्याची वाट मोकळी ठेवण्याचे ठरले. ही वाट खरोखर किती मोकळी राहते, हे श्रेयांकांच्या स्वीकारावर अवलंबून होते.

पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना काही महाविद्यालयांनी त्यांनी काय शिकले याची विचारपूस न करता सरसकट श्रेयांक वाटले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ती चूक टाळण्याचे ठरले. अमेरिकन शिक्षण परिषदेने सैन्यातील एकेका प्रशिक्षणक्रमाचे परीक्षण करून, त्यास किती श्रेयांक द्यावेत याची मार्गदर्शिका तयार केली. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा कायदा जून १९४४ मध्ये झाला आणि त्याखाली सु. २२ लाख माजी सैनिकांनी महाविद्यालयांत प्रवेश घेतला. वर्गाबाहेर झालेले शिक्षण श्रेयांकात मोजण्याचा एवढा मोठा प्रयोग त्यापूर्वी झालेला नव्हता.

त्याच युद्धकाळातील दुसरी घटना तितकी सुखद नाही. १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सु. १ लाख २० हजार लोकांना घरे सोडावयास लावून छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते आणि त्यांच्यात महाविद्यालयीन विद्यार्थीही होते. त्यांना देशाच्या मध्य व पूर्व भागांतील महाविद्यालयांत प्रवेश मिळवून देण्यासाठी क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने एक परिषद स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांनी सु. ४,००० विद्यार्थी छावण्यांबाहेर पडू शकले. प्रवेशासाठी पूर्वीच्या अभ्यासाचे प्रमाणित नोंदपत्रक लागे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या अशा विद्यार्थ्यांची नोंदपत्रके देण्याचे नाकारले. ज्यांची दोन वा तीन वर्षे पुरी झाली होती, त्यांच्यापुढे नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करणे अथवा शिक्षण सोडणे, एवढेच पर्याय राहिले. शिकलेले ज्ञान त्यांच्याजवळच होते. हरवली होती ती त्याची साक्ष. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अशा खंडित विद्यार्थ्यांना सन्मान्य पदव्या देण्याचे २००९ मध्ये ठरविले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२२ मध्ये क्षमा मागून मरणोत्तर पदव्या दिल्या.

शांततेच्या काळातही गळती थांबलेली नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१७ मधील अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी सु. ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. एका सार्वजनिक संस्थेतून दुसऱ्या सार्वजनिक संस्थेत जाणाऱ्यांचे प्रमाणही सु. ३७ टक्के होते. वाया गेलेला श्रेयांक म्हणजे दुसऱ्यांदा भरलेले शुल्क आणि लांबलेली पदवी. हा भार अर्थातच स्वस्त शिक्षणापासून सुरुवात करणाऱ्यांवर अधिक पडतो. श्रेयांक पूर्णपणे नाकारला जातो असेही नेहमी घडत नाही. पुष्कळदा तो ऐच्छिक विषयांच्या खाती टाकला जातो आणि मुख्य विषयाची अट तशीच शिल्लक राहते. कागदावर श्रेयांक वाचतो, विद्यार्थ्याचे वर्ष वाचत नाही.

यूरोप : जर्मन विद्यापीठांत विद्यार्थी सत्रागणिक विद्यापीठ बदलीत आणि अखेरच्या परीक्षेवर सर्व भिस्त असल्याने मधल्या सत्रांचा काटेकोर हिशेब कोणी मागत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपीय मंडळाने परदेशी विद्यापीठातील अभ्यासकाल मान्य करण्याविषयी १९५६ मध्ये करार केला. त्याचा प्रभाव मर्यादित राहिला. विद्यार्थ्यांच्या देवघेवीची ‘इरॅस्मस’ योजना १९८७ मध्ये सुरू झाल्यावर हा प्रश्न नित्याचा झाला आणि १९८९ पासून वाणिज्य, रसायनशास्त्र, इतिहास, यांत्रिक अभियांत्रिकी व वैद्यक या पाच विषयांत श्रेयांक पद्धतीचा प्रयोग झाला. त्यात पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक ठरविले. अमेरिकन मापात शिक्षकाचा वर्गातील तास मोजला जातो. या मापात स्वाध्यायासह विद्यार्थ्याचे एकूण श्रम मोजतात. त्याहून महत्त्वाचा बदल लिस्बन येथील १९९७ च्या कराराने केला. परदेशी अभ्यासात महत्त्वाचा फरक असल्याचे दाखविता आले तरच मान्यता नाकारावी आणि तो फरक दाखविण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेची, असे त्यात ठरले. तोवर आपला अभ्यास पुरेसा होता, हे विद्यार्थ्यालाच सिद्ध करावे लागत असे. बोलोन्या येथे १९९९ मध्ये २९ देशांनी केलेल्या घोषणेत समान श्रेयांक पद्धतीचा स्वीकार झाला.

भारत : मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. ती स्वतः शिकवीत नसत. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होई आणि विद्यापीठ परीक्षा घेई. या रचनेत हस्तांतरणाचा प्रश्न एका बाजूने सुटला आणि दुसऱ्या बाजूने बिकट झाला. विद्यार्थी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गेला, तरी परीक्षा एकच असल्याने त्याचे काही बुडत नसे. त्याने नियमानुसार ‘टर्म भरली’ असल्याचा दाखला पुरेसा असे. ही कल्पना विद्यार्थ्यांच्या बोलीत अजून टिकून आहे. अनुत्तीर्ण विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात जाण्यास मुंबई-पुण्याकडे ‘ए.टी.के.टी.’ म्हणतात, त्या आद्याक्षरांचा अर्थ टर्म भरण्यास अनुज्ञा असाच आहे. विद्यापीठाची हद्द ओलांडली, की मात्र स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमांची तुलना यांचा फेरा सुरू होई आणि पुष्कळदा वर्ष फुकट जाई.

भरलेली टर्म कालांतरानेही ग्राह्य राहावी, यासाठी विद्यार्थ्याला खटपट करावी लागे. ⇨भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. परंतु बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना स्वदेशी परतावे लागले. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. तिच्या आधारे ते १९२० मध्ये परत गेले आणि त्यांनी १९२१ मध्ये एम्.एस्‌सी. व १९२३ मध्ये डी.एस्‌सी. या पदव्या संपादन केल्या.

संपूर्ण विद्यापीठच मान्यतेबाहेर असले, तर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ⇨धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे शिक्षण मातृभाषेतून होई आणि पदवीला ‘गृहीतागमा’ असे नाव होते. विद्यापीठाला सरकारी सनद नसल्यामुळे या पदवीला इतर विद्यापीठांच्या पदव्यांशी आपोआप समकक्षता नव्हती. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थिनींनी आणि त्यांच्या पालकांनी हा धोका समजून उमजून पत्करला होता. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने त्याला वैधानिक दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी.

शिमला येथे १९२४ मध्ये भरलेल्या विद्यापीठांच्या परिषदेच्या शिफारशीवरून १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. १९७३ मध्ये त्याला भारतीय विद्यापीठ संघ हे नाव मिळाले. पदव्यांची परस्परमान्यता हे त्याचे एक प्रमुख कार्य होते आणि ते त्याने बऱ्याच अंशी पार पाडले. तथापि विचार होई तो पूर्ण पदवीचा. अर्ध्यावर असलेल्या विद्यार्थ्याला त्याचा फारसा लाभ नव्हता. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची संख्या वाढली, तशा हद्दीही वाढल्या. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये निघाल्यावर पुण्यातील महाविद्यालये मुंबईच्या कक्षेतून बाहेर पडली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाल्यावर उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न असलेली औरंगाबादकडील महाविद्यालये त्याच्याकडे आली. विद्यार्थी जागचा न हलता त्याचे विद्यापीठ बदलले. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली. महाविद्यालयीन स्तरावर तशी सोय झाली नाही.

श्रेयांक पद्धत भारतात प्रथम रुजली ती अमेरिकेच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या संस्थांत. इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने १९६० मध्ये सुरू झालेले पंतनगरचे कृषी विद्यापीठ आणि कानपूरची भारतीय तंत्रविद्या संस्था ही त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांतही ती आली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८५) अभ्यासाच्या ३० तासांना एक श्रेयांक असे माप ठरविले. पारंपरिक विद्यापीठांत ती सार्वत्रिक झाली ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवड-आधारित श्रेयांक पद्धतीचा आग्रह धरल्यानंतर. पुष्कळ ठिकाणी वार्षिक परीक्षेच्या जागी दोन सत्रपरीक्षा आल्या, गुणपत्रिकेत श्रेयांकाचा रकाना आला. विषयनिवडीचे स्वातंत्र्य त्या मानाने थोडेच आले. अमेरिकेत निवडीतून माप निघाले होते, येथे माप आधी आले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास (२०२०) अनुसरून आयोगाने २८ जुलै २०२१ रोजी शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याचे खाते या पेढीत असते. श्रेयांक जमा करण्याचा अधिकार संस्थेला आहे. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला कागद पेढी स्वीकारीत नाही. बनावट प्रमाणपत्रांना आळा घालण्यास ही तरतूद योग्यच आहे. मात्र विद्यार्थ्याची नोंद वेळेवर पाठविणे हे आता सर्वस्वी संस्थेच्या हाती गेले आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार (२०२३) वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक होतात. तीन वर्षांच्या पदवीस १२० व चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक लागतात. ‘स्वयम्’ या मंचावरील दूरस्थ अभ्यासक्रमांतून एका सत्राचे २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची २०१६ मधील मुभा २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली.

पेढीत श्रेयांक जमा असणे आणि दुसऱ्या विद्यापीठाने तो स्वीकारणे, या भिन्न गोष्टी आहेत. रिक्त जागा, विषयांची जुळणी आणि शिक्षणाचे माध्यम यांचा निर्णय प्रवेश देणाऱ्या संस्थेकडेच असतो. मराठी माध्यमातून इतिहास वा राज्यशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला परप्रांतातील विद्यापीठात जावयाचे झाल्यास त्याच्या श्रेयांकांना भाषेची अडचण नसते. त्याला स्वतःला ती असते. २०२१ च्या विनियमांनुसार पदवीसाठीचे किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात आणि जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात.